टाचेमागचं कांडं

ओव्हीड गिलरीच्या तक्त्यावर दोनच खुणा असत, अधिक आणि उणे. बाकीचे कोच 'प्रयत्न चांगला', 'थोडक्यात हुकला' असले शेरे मारत. ओव्हीडच्या मते ते शेरे पोरांच्या आयांना दाखवायला ठीक होते.

सत्तावीस वर्षं त्याने सेंट ओदीलच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर काढली होती. उसाचा ट्रक आला की त्यातून एक मोळी उपसायची, माती आणि पाचट झटकून वेगळं करायचं आणि तेवढं वजनातून वजा करायचं. ट्रकवाला कितीही गोड बोलो, बायकोच्या हातची बूदँ सॉसेजं कागदात गुंडाळून आणो, ओव्हीड सॉसेजं खायचा आणि माती वजा करायचा. तेवढीच वर्षं तो शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाइनबॅकरांचा कोच होता, बिनपगारी. शुक्रवारी संध्याकाळी सामना व्हायचा, शनिवारी सकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर सामन्याची फिल्म लावून बसायचा आणि पोरांची माती झटकायचा.

चेंडू कुठे गेला ते तो बघतच नसे. चेंडू लंबगोल, पडेल तिकडे उडणारा, त्याची साक्ष काय काढायची? ओव्हीड पाय बघायचा, त्यातही पहिलं पाऊल. बचावाच्या तीन रांगा. पुढे धक्काबुक्कीला आडदांड पोरं, त्यांच्या पाठीशी चार पावलांवर लाइनबॅकर, आणि सगळ्यांच्या मागे बारा यार्डांवर सेफ्टी, म्हणजे शेवटचा राखणदार. त्याला चुकवून कुणी निसटला तर पुढे नुसतं गवत. चेंडू हलला की डाव सुरू, जेमतेम पाच-सहा सेकंदांचा, आणि त्याच क्षणी लाइनबॅकरचं पहिलं पाऊल पुढे पडलं पाहिजे, कारण पुढच्या रांगेत पडलेलं भोक त्याने बुजवायचं असतं. सेफ्टीचं पहिलं पाऊल मागे, कारण त्याच्या डोक्यावरून काही जाता कामा नये. एवढंच. ओव्हीडला वाटायचं, एवढंच जमायला माणसाचा जन्म जातो.

त्याच्या वाट्याला पोरंही तशीच यायची. चपळ असतील ती चेंडू घेऊन पळायला जात, दांडगी पुढच्या रांगेत जात, आणि वाटून उरलेली, मनाने भली आणि पायाने जड, ओव्हीडकडे. सत्तावीस वर्षांत त्याने एकदाही कुरकुर केली नव्हती. पण अर्लीनला, त्याच्या बायकोला, माहीत होतं. दुसऱ्या गावाचा एखादा लाइनबॅकर वाऱ्यासारखा भोकात घुसताना दिसला की हा माणूस खुर्चीच्या कडेवर यायचा आणि त्याच्या घशातून, भरलेलं ताट शेजाऱ्याच्या पुढ्यात जाताना निघावा तसा आवाज निघायचा.

आणि मग या ऑगस्टमध्ये ज्यूल आर्सनो त्याच्याकडे आला.

आला म्हणजे धाडला गेला. ज्यूल तीन वर्षं सेफ्टी खेळलेला. सुटीत चार इंच रुंद झाला, आणि मुख्य कोच पर्विस डेलाहूसेने, ज्याला सगळं गाव कोच डेला म्हणायचं, त्याला सगळ्या पोरांसमोर वजनाच्या यंत्रावर उभा केला.

"एकशे अठ्ठ्याण्णव पौंड!" डेला म्हणाला. "आजीने गंबोचं कालवण बादलीने पाजलं का रे? हे वजन मागे उभं करून मी काय करू? कावळे हाकायला ठेवू? उद्यापासून तू लाइनबॅकर."

पोरं हसली. ज्यूल हसला नाही.

"कोच, मला सेफ्टीच खेळायचंय. शेवटचं वर्ष आहे माझं."

"म्हणून तर. शेवटच्या वर्षी तरी कामाला ये."

"कोच, प्लीज."

डेला मनाने वाईट नव्हता, फक्त त्याला प्रेक्षक लागायचे. त्याने पोरांकडे पाहिलं, ओव्हीडकडे पाहिलं आणि हात वर केला. "बरं, ऐका सगळ्यांनी. चार सामने. चौथ्या सामन्याला मिस्टर ओव्हीडच्या तक्त्यावर याला शंभरात ऐंशी मिळाले, तर हा वर्षभर लाइनबॅकर, आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही. ऐंशीच्या खाली आला तर जा बाबा तुझ्या गवतात. शब्द दिला."

ओव्हीडने ज्यूलच्या पोटऱ्या पाहिल्या, घोटे पाहिले. काट्यावर इतका स्वच्छ ऊस त्याने आजवर पाहिला नव्हता.

पहिल्या सामन्यानंतरच्या शनिवारी एकसष्ट डाव तपासून ओव्हीडने पेन्सिल खाली ठेवली. तेहेतीस डावांत ज्यूलचं पहिलं पाऊल मागे पडलं होतं. मागे पडलेलं पाऊल तो लगेच सावरायचा, पुढे झेपावायचा, कधीकधी माणूस पाडायचाही. पण तोवर भोकातून म्हैस निघून जावी इतका वेळ गेलेला असायचा.

दहा वाजता शाळेतल्या फिल्मच्या खोलीत त्याने ज्यूलला शेजारी बसवलं. "मागे काय ठेवलंयस?"

"काही नाही, मिस्टर ओव्हीड."

"मग दर वेळी बघायला का जातोस?"

"मी नाही जात. पाय जातो." ज्यूलने मान खाली घातली. "मी त्याला सांगतो. तो ऐकेपर्यंत डाव झालेला असतो."

"आणि डाव सुरू व्हायच्या आधी मान वळवून मागे बघतोस, ते? ते पण पायच बघतो?"

ज्यूलचे कान लाल झाले. तो म्हणाला, "तिथून सगळं दिसतं, मिस्टर ओव्हीड. बावीसच्या बावीस माणसं. कोण खोटं धावतोय, कोण खरं, सगळं. ऊस तोडून झाल्यावर शेत कसं दिसतं, एकदम या टोकापासून त्या टोकापर्यंत? तसं. इथे पुढे मला नुसते कमरेचे पट्टे दिसतात. घाण वास येतो. कुणीतरी कुणाच्यातरी आईवरून बोलत असतं."

"लाइनबॅकरला आया नसतात," ओव्हीड म्हणाला. "सवय होईल."

घरी अर्लीनने हे ऐकलं आणि भांडं घासायचं थांबवून विचारलं, "ऐंशीच्या खाली आला की त्याला हवं ते मिळणार. मग तो मुद्दाम नाही कशावरून करत?"

ओव्हीडला हे सुचलं नव्हतं असं नाही. ओला ऊस जड भरतो म्हणून ट्रकवर पाणी मारून आणणारे त्याने डझनाने पकडले होते. त्याने फिल्म पुन्हा लावली आणि एकेक चित्र पुढे सरकवत गेला. मुद्दाम उचललेला पाय आधी विचार करतो. गुडघा किंचित अडखळतो, खांदा आधी वळतो. या पोराचा पाय विजेच्या बटणाला हात लागावा तसा मागे जात होता. ते पाऊल लबाड नव्हतं. ते घरी निघालेलं पाऊल होतं.

सोमवारी सरावाला ओव्हीड शेतातून उसाची कांडी घेऊन आला. ज्यूलला त्याच्या जागी उभा केला आणि दोन्ही टाचांच्या मागे एक कांडं आडवं टाकलं.

"मागे गेलास की मोडणार. मोडलं की दहा उठाबशा. नंतर चोखून खा, कारखान्याचं नुकसान नको."

पहिल्या दिवशी सव्वीस कांडी मोडली. मैदानाच्या त्या कोपऱ्यात चिपाडाचा ढीग झाला, गोडाला मधमाश्या आल्या, आणि पुढच्या रांगेतल्या एका आडदांडाला कानामागे डसल्या. "आर्सनो, तू लाइनबॅकर आहेस की रसाचं दुकान?" पोरं ओरडायची. ज्यूल घाम पुसायचा, दहा उठाबशा काढायचा आणि पुन्हा उभा राहायचा. सराव संपल्यावर तो स्वतःहून थांबायचा. तेव्हा ओव्हीडच्या मनातला पाणी मारलेल्या उसाचा संशय पुरता गेला. ज्याला खाली यायचंय तो असा थांबत नाही. पोराला सेफ्टी हवं होतं, पण ते लबाडीने नको होतं.

दुसऱ्या सामन्यात मागची पावलं एकोणीस. तिसऱ्यात अकरा, पण त्या दिवशी नेमून दिलेली माणसं त्याने सोडली, टक्के एकोणऐंशीवर अडले. आणि जेव्हा पाऊल पुढे पडायचं तेव्हा ओव्हीड फिल्म थांबवून मागे न्यायचा, पुन्हा लावायचा, काही तपासायचं नसताना. भोक पडायच्या आधी ज्यूल त्यात असायचा. चेंडू घेऊन येणारा पोरगा दार उघडं समजून यायचा आणि दारातच ज्यूल. ओव्हीडच्या घशातून तो जुना आवाज यायचा, पण आता ताट त्याच्याच पुढ्यात होतं.

"जेव नीट," अर्लीन म्हणायची. "फिल्म पळून जात नाहीये."

"सत्तावीस वर्षं, अर्लीन."

"मला मोजता येतं. तुझ्याशी लग्न सत्तावीसच्या आधीचं आहे."

फक्त एक गोष्ट त्याला खुपायची. पोरगा डावाआधी मागे बघायचा थांबला नव्हता. कांडं टाचेमागे टाकता येतं, मानेमागे नाही.

चौथा सामना शेजारच्या पॉइंट-सेलेस्तीनशी होता, ज्या गावाशी सेंट ओदीलचं सोयरिकीपुरतंच पटायचं. दीड मिनिट राहिलेलं, सेंट ओदील तीन गुणांनी मागे, चेंडू पॉइंट-सेलेस्तीनकडे. त्यांना नुसता वेळ काढायचा होता. अशा वेळी शहाणा संघ चेंडू छातीशी धरून मधून घुसतो. ओव्हीड कडेला उभा राहून ओरडत होता, "पुढे! पुढे!" चेंडू हलला. मधलं भोक धान्याच्या कोठाराच्या दारासारखं उघडलं. आणि ज्यूल मागे गेला. एक पाऊल, दोन, तीन, मान वर, खांदे मोकळे, जणू त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की तू आता इथला नाहीस.

पॉइंट-सेलेस्तीनच्या कोचला नेमकी तेव्हाच हुशारी सुचली होती. त्यांनी चेंडू मधून नेला नाही, फेकला. तो थेट ज्यूलच्या हातात आला, आणि ज्यूल सदुसष्ट यार्ड पळाला, थेट त्यांच्या शेवटच्या रेषेपार. सामना सेंट ओदीलने जिंकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोल पंपावर, जिथे गाव बूदँ आणि कॉफी घेतं, एकच विषय होता. "याला म्हणतात लाइनबॅकर!" पंपवाला म्हणाला. "डेलाचं डोकं बघा. तीन वर्षं पोरगं मागे सडत होतं." ओव्हीडच्या पाठीवर इतक्या थापा पडल्या की कॉफी सांडली. एका म्हाताऱ्याने त्याची टोपी काढून त्याच्या टकलाचा मुका घेतला. ओव्हीडने कुणालाच काही सांगितलं नाही. कडेला उभा असताना त्याने पाय पाहिले होते.

घरी येऊन तो टेबलाशी बसला. पंचावन्न डाव. त्याने तो एक डाव सोडून बाकीचे आधी तपासले. नेमून दिलेलं काम, हातांची जागा, पहिलं पाऊल. त्रेचाळीस अधिक, अकरा उणे. मग कागदाच्या कडेला त्याने भागाकार केला, जो त्याला तोंडी येत होता. राहिलेल्या डावाला अधिक दिलं तर पंचावन्नात चव्वेचाळीस, बरोब्बर ऐंशी. उणे दिलं तर अठ्ठ्याहत्तर.

त्याने तो डाव नऊ वेळा पाहिला. भोक उघडं, ज्यूल मागे. त्या जागेवरून दहांतले नऊ संघ चेंडू मधून नेतात, आणि नेला असता तर आज पेट्रोल पंपावर त्याच्या टकलाचा मुका कुणी घेतला नसता. ते पाऊल चुकीचं होतं. आणि ते त्याने आजवर पाहिलेलं सगळ्यात सुंदर पाऊल होतं. दोन्ही खरं होतं, पण तक्त्यावर चौकोन एकच होता.

"काय झालं?" अर्लीनने विचारलं.

त्याने सांगितलं.

"अधिक देऊन टाक," ती म्हणाली. "गावाला हवंय, डेलाला हवंय, तुला तर इतकं हवंय की तू काल झोपेत हसत होतास. कोण तुझा तक्ता तपासणार आहे?"

"कुणी नाही."

"मग?"

"म्हणूनच तर."

अर्लीनने हात पुसले आणि त्याच्या समोर बसली. "ओव्हीड, पोराला काय हवंय ते तू मला सांगितलंस. तुला काय हवंय ते मला दिसतंय. पाय काय म्हणतोय तेवढं बघ आणि उठ, माझं टेबल मोकळं कर."

ओव्हीडने त्या चौकोनात पेन्सिलीने हलकेच अधिक काढलं, कसं दिसतं ते बघायला. चांगलं दिसत होतं. पुढच्या शुक्रवारी, त्याच्या पुढच्या शुक्रवारी, थेट डिसेंबरच्या गळितापर्यंत ज्यूल पुढच्या रांगेमागे चार पावलांवर, ओव्हीडच्या हाकेच्या टप्प्यात. त्याने तक्ता घडी घालून खिशात टाकला आणि शाळेत गेला.

ज्यूल आधीच येऊन बसला होता. फिल्मच्या खोलीत ते दोघेच. पोराचा चेहरा विजेत्याचा नव्हता, निकालाला आलेल्याचा होता.

"तो डाव लावू?" ओव्हीडने विचारलं.

"लावा."

दोघांनी पाहिला. दोघांनीही चेंडू पाहिला नाही.

"काय द्यायचं? तू सांग," ओव्हीड म्हणाला.

ज्यूलने मान हलवली. "मी नाही सांगणार. माझ्या तोंडून ते बरं दिसणार नाही." मग, भिंतीकडे बघत, "खोटं नाही बोलत, मिस्टर ओव्हीड, मी विसरलो. मी कुठे उभा आहे तेच विसरलो. आईशप्पथ, ऑगस्टपासून पहिल्यांदा इतकं बरं वाटलं. पकडल्यावर नाही. मागे जाताना. पळायला लागल्यावर आठवलं की आता तुम्ही रागावणार."

"रागावलोच होतो," ओव्हीड म्हणाला. "सदुसष्ट यार्ड रागावत होतो."

त्याने खिशातून तक्ता काढला, घडी सपाट केली, पेन्सिलीच्या मागच्या रबराने तो चौकोन खोडला, कागदावरची भुकटी फुंकली. पुन्हा पेन्सिल न वापरता त्याने शाईचं पेन घेतलं आणि उणे काढलं. आडवी एक रेघ. काट्यावर असताना तो माती वजा करायचा तेव्हाही अशीच रेघ काढायचा, पण तेव्हा हात असा जड होत नसे.

ज्यूलने ती रेघ पाहिली. त्याने हात पुढे केला, ओव्हीडने तो धरला, आणि पोरगा एवढंच म्हणाला, "थँक यू, सर." आजवर त्याने कधी 'सर' म्हटलं नव्हतं.

डेला तक्ता बघून आधी हसला. त्याला ती ओव्हीडची थट्टा वाटली. मग त्याचा रंग बदलला.

"ओव्हीड, सामना जिंकून देणाऱ्या डावाला उणे? माझ्या आईला कळलं तर ती तुला चर्चमधून बाहेर काढेल!"

"पाऊल मागे पडलं."

"मागे पडलं म्हणूनच तर चेंडू मिळाला!"

"मिळाला. सेफ्टीला मिळाला. तुझा लाइनबॅकर त्या डावात मैदानावर नव्हताच."

डेलाने तक्ता टेबलावर टाकला. "कारखान्यात ट्रकवाल्यांनी तुला उसाबरोबर चरकात कसा घातला नाही, हेच मला कळत नाही," तो शेवटी म्हणाला. पण शब्द पोरांसमोर दिलेला होता, आणि डेलाला प्रेक्षक आवडत असले तरी ते दिलेल्या शब्दाचा हिशेब मागायला परत आलेले त्याला नको असायचे. सोमवारी ज्यूल मागे गेला.

लाइनबॅकरच्या जागी कर्टिस नावाचा पोरगा आला, मनाने भला. ओव्हीडने सवयीने त्याच्या टाचांमागे कांडं टाकलं. आठवडाभर ते एकच कांडं पुरलं, कारण कर्टिस मागे जातच नव्हता. पुढेही जात नव्हता.

पाचव्या सामन्यानंतरच्या शनिवारी ओव्हीड टेबलाशी बसला. त्याच्या वाट्याची फिल्म जवळून घेतलेली असायची, पुढची रांग आणि लाइनबॅकर नीट दिसावेत म्हणून. तीत बारा यार्डांवरचा माणूस मावत नसे. दर डावाला कर्टिस जागच्या जागी उभा, त्याच्यामागे गवताची एक पट्टी, आणि मग चौकट संपायची. त्या चौकटीच्या वर कुठेतरी एक पाऊल मागे पडत असणार, विजेसारखं, बरोबर. ते त्याला दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी तो चौकोन त्याच्या तक्त्यावर नव्हता.

बाराव्या डावाला समोरचा पोरगा कर्टिसला ओलांडून सुटला. ओव्हीडने सवयीने कर्टिसच्या नावापुढे उणे मारलं आणि मान वर करतो तो वरच्या कडेतून ज्यूल चौकटीत आला. मोकळा, बावीसच्या बावीस माणसं बघून आलेला. त्याने तो पोरगा पाडला, हात देऊन उठवला आणि पाठमोरा पळत पुन्हा चौकटीबाहेर गेला. डावाआधी मान वळवायची आता त्याला गरज नव्हती.

ओव्हीड खुर्चीच्या कडेवर आला होता.

पुढचे चार डाव कर्टिसने कसेबसे निभावले. ओव्हीडने चार अधिक मांडले. सतराव्या डावाला पुन्हा भोक पडलं, कर्टिस दारातल्या पायपुसण्यासारखा उभा राहिला, आणि ओव्हीडच्या लक्षात आलं की आपण आपल्याच पोराने चुकावं म्हणून श्वास धरून बसलोय.

"कसं काय जमतंय नव्याला?" अर्लीनने ओट्यापाशी उभं राहून विचारलं.

"उणे," ओव्हीड म्हणाला, आणि त्याने फिल्म थोडी मागे घेऊन पुन्हा लावली.